उझबेकिस्तान स्वतःच्या नियोजनाने: आधी रेल्वेची तिकिटे, मग शहरांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक दांपत्य सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी उझबेकिस्तानला जाऊ इच्छिते. तिघेही शाकाहारी आहेत, अंडे चालते. रशियन किंवा उझबेक भाषा कोणालाच येत नाही, आणि सहल कंपनीबरोबर न जाता सगळी व्यवस्था स्वतः करावी असे त्यांना वाटते. त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, फरगाना खोरे आणि परतीच्या वाटेवर कझाकस्तानातील अल्माटी अशी सहा ठिकाणे आहेत. हे जमेल का, आणि जमवायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

स्वतःच्या बळावर जाणे नक्की जमेल. सहा ठिकाणे मात्र जमणार नाहीत. मध्य आशियातील पाच देशांपैकी स्वतंत्र प्रवासाची पहिली पायरी म्हणून मी नेहमी उझबेकिस्तानच सुचवतो, कारण तिथे मुख्य शहरे एका रेल्वेमार्गाने जोडलेली आहेत, जुनी शहरे पायी फिरण्याजोगी आहेत आणि घरगुती स्वरूपाची गेस्ट हाउस भरपूर आहेत. 2017 पर्यंत परिस्थिती अशी नव्हती. सरकारी दर आणि काळ्या बाजारातील दर यांत मोठी तफावत असल्यामुळे पैसे बदलणे हाच एक उद्योग होऊन बसला होता. सप्टेंबर 2017 मध्ये चलनावरील निर्बंध उठले, जुलै 2018 मध्ये ई-व्हिसा सुरू झाला, आणि त्यानंतर मध्यस्थाशिवाय जाणाऱ्या प्रवाशाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

बहुतेक लोक आधी शहरांची यादी करतात, मग हॉटेले ठरवतात आणि रेल्वे शेवटी पाहतात. उझबेकिस्तानसाठी हा क्रम उलटा केला पाहिजे. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा यांना जोडणारी ‘अफ्रोसियाब’ ही वेगवान गाडी, स्पेनच्या ताल्गो कंपनीची, 2011 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये बुखाऱ्यापर्यंत पोहोचली. ताश्कंद ते समरकंद हे 344 किलोमीटरचे अंतर ती सव्वादोन तासांच्या आसपास कापते, आणि समरकंद ते बुखारा साधारण दीड तासात. पण तिच्या फेऱ्या आणि आसने मोजकी आहेत, स्थानिक लोकही तिलाच पसंती देतात, आणि एप्रिल-मे तसेच सप्टेंबर-ऑक्टोबर या हंगामात तिकिटे विक्री खुली झाल्यावर थोड्याच दिवसांत संपतात. विक्री साधारण दीड महिना आधी खुली होते. म्हणून तुमच्या प्रवासाच्या तारखेपासून दोन महिने मागे जाऊन त्या दिवसापासून रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर रोज नजर ठेवावी, तिकिटे हाती आली की त्यांच्याभोवती मुक्काम बसवावेत, आणि तोपर्यंत गेस्ट हाउसची नोंदणी फक्त विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवरच करावी. हीच तिकिटे दुप्पट-तिप्पट दराने विकणारे दलाल इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी ‘शर्क’ ही जरा धीमी गाडी पाहावी. ती तासाभराने उशिरा पोहोचवते, पण सुखकर आहे आणि तिची तिकिटे तुलनेने सहज मिळतात.

तिकीट काढताना दोन गोष्टींकडे बारकाईने पाहा. पहिली म्हणजे नाव. महाराष्ट्रातील पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. रेल्वे, विमान आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी ते पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर सारखे भरावे. एका ठिकाणी मधले नाव गाळायचे आणि दुसऱ्या ठिकाणी लिहायचे, असे करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे स्थानक. ताश्कंदमध्ये उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्थानके आहेत, गाड्या दोन्हींवरून सुटतात, आणि दोहोंमध्ये शहरातील रहदारी आहे. तिकिटावर कोणते स्थानक छापले आहे ते आदल्या रात्रीच पाहून टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये नोंदवून ठेवावे. स्थानकात शिरताना तिकीट आणि पासपोर्ट पाहतात, सामान यंत्रातून जाते, आणि डब्याच्या दाराशी उभा असलेला कर्मचारी पुन्हा पासपोर्ट मागतो. वडील बरोबर आहेत, तेव्हा गाडी सुटण्यापूर्वी पाऊण तास स्थानकात असावे. बुखाऱ्याचे स्थानक मुळात शेजारच्या कागान गावात आहे आणि जुन्या शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब आहे, हेही आधी माहीत असलेले बरे.

आता कार्यक्रम. फरगाना खोरे आणि अल्माटी दोन्ही वगळा. फरगान्यात मार्गिलानचे रेशीम आणि रिश्तानची मातीची भांडी पाहण्यासारखी आहेत, बाबराचे जन्मगाव अंदिजान तिथेच आहे. पण खोरे ताश्कंदच्या पूर्वेला आणि खिवा पश्चिमेच्या टोकाला, त्यामुळे दहा दिवसांत दोन्ही टोके गाठली तर निम्मा वेळ प्रवासातच जाईल. अल्माटी हा तर पर्वतांचा वेगळा प्रवास आहे. त्याऐवजी पहिल्या रात्री ताश्कंदला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी देशांतर्गत विमानाने थेट उर्गेंचला जा. तिथून खिवा तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. खिव्यात दोन रात्री, बुखाऱ्यात तीन, समरकंदमध्ये दोन, आणि शेवटची ताश्कंदला, अशा नऊ रात्री होतात. आधी सर्वांत लांब जाऊन मग विमानतळाच्या दिशेने परतत येण्याचा फायदा असा की वाटेत काही बिनसले, गाडी चुकली किंवा वडिलांना एक दिवस विश्रांती लागली, तरी तुम्ही परतीच्या विमानाच्या जवळ सरकत असता. खिवा ते बुखारा हे साडेचारशे किलोमीटरांचे अंतर किझिलकुम वाळवंटातून जाते. मोटारीने सहा-सात तास लागतात आणि वाटेत काही ठिकाणी अमू दर्या नदी दिसते. गेस्ट हाउसमार्फत चालकासह पूर्ण गाडी ठरवावी. शेअर टॅक्सी स्वस्त पडते, पण मागच्या आसनावर तिघांनी दाटीवाटीने बसून इतका वेळ काढणे तुमच्या वडिलांना झेपणारे नाही.

हवामानाचा विचार केला तर दिवाळीची निवड चांगली आहे. जूनअखेरपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी बाहेर पडवत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीतही मेचा पूर्वार्धच काय तो सुखाचा. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर दिवस उबदार आणि रात्री गार मिळतात. ती नोव्हेंबरात गेली तर खिव्यातील रात्री बऱ्याच थंड असतात आणि साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून दिवसाची आखणी सकाळी लवकर सुरू होणारी असावी. प्रत्येकी एक जाड जाकीट आणि वडिलांसाठी कानटोपी पुरेशी होईल.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढावा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाचे शुल्क 20 डॉलर आहे, मुक्काम तीस दिवसांपर्यंत करता येतो आणि निर्णय साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत येतो. तरीही छायाचित्र किंवा पासपोर्टच्या प्रतीमुळे अर्ज परत येऊ शकतो, म्हणून तीन आठवडे हाताशी ठेवावेत. अल्माटीचा मोह पुढे पुन्हा झाला तर एक लक्षात ठेवा. भारतीयांना कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, म्हणून अनेकजण ताश्कंदहून सहज तिकडे जातात. परतीचे विमान मात्र ताश्कंदचे असते, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा सीमा ओलांडताच संपलेला असतो. ज्यांना असे जायचे आहे त्यांनी सुरुवातीलाच दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्यावा.

विमानाबाबत एक मुद्दा केवळ भाड्यावरून निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. दिल्ली ते ताश्कंद थेट विमान सुमारे तीन तासांचे आहे, आणि मुंबईहूनही उझबेकिस्तान एअरवेजची सेवा असते, तिचे वार मात्र हंगामानुसार बदलतात. हा मार्ग पाकिस्तानच्या आकाशातून जातो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी या दोन्ही सेवा थांबवाव्या लागल्या, कारण लांबच्या वळशाने जाण्याइतका पल्ला त्यांच्या लहान विमानांना नव्हता. उझबेक कंपनीला ती बंदी लागू नव्हती. म्हणून तिकीट काढताना विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे हे जरूर पाहावे, आणि दिल्लीहून जाणार असाल तर नाशिक-दिल्ली आणि दिल्ली-ताश्कंद ही तिकिटे वेगवेगळी असल्यास मध्ये एक रात्र ठेवावी.

पैशाचे काम आता सोपे आहे. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे जेवणाचे बिल लाखांत आले तरी दचकू नये. रुपये तिथे बदलून मिळतील अशी अपेक्षा धरू नका. भारतातूनच डॉलर न्यावेत आणि ते घेताना कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटा मागून घ्याव्यात, कारण किंचित फाटलेली नोट तिथल्या बँका नाकारतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांची बँक कार्डे मोठ्या शहरांत चालतात. बाजारात आणि लहान उपाहारगृहांत रोख लागते. गेस्ट हाउसमध्ये दोघांच्या नीटनेटक्या खोलीला, न्याहारी धरून, साधारण 40 ते 60 डॉलर गृहीत धरावेत. शहरात फिरण्यासाठी यांडेक्सच्या अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवावी. तिचे भाडे आधीच दिसते आणि पत्ता नकाशावर असतो, त्यामुळे भाषा न येण्याची अडचण तिथेच निम्मी होते. त्यासाठी विमानतळावर उतरताच स्थानिक सिम घ्यावे.

प्रत्येक मुक्कामी तुमची सरकारी नोंद होते. हॉटेल आणि गेस्ट हाउस ती स्वतः करतात; तिची चिठ्ठी किंवा तिची प्रत मागून घ्यावी आणि देश सोडेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवावी. ओळखीच्या कुटुंबात राहणार असाल तर ही नोंद यजमानाने करायची असते आणि ती झाली आहे याची खात्री तुम्ही करायची असते. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय तो देशात आणता येत नाही.

वडिलांच्या औषधांबाबत मला अधिक काळजीपूर्वक लिहायचे आहे. आपल्याकडे सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणारे ज्येष्ठ घरोघरी आहेत. ही सगळी औषधे उझबेकिस्तानात नियंत्रित गटात मोडतात, आणि ती चिठ्ठीशिवाय किंवा गरजेपेक्षा जास्त बाळगणे हा तिथे गंभीर गुन्हा ठरू शकतो. गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीमागचा घटक वाचा, डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासह, मात्रेसह इंग्रजी पत्र घ्या, पर्यायी औषध चालत असेल तर तेच न्या, आणि सर्व औषधे मूळ वेष्टनातच ठेवा. आठवड्याच्या डबीत सुट्या गोळ्या भरून नेण्याची आपली सवय इथे मोडावी लागेल. प्रवास विमा घेताना वडिलांचा मधुमेह किंवा रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा मंजूर होत नाही.

जेवणाचा प्रश्न खरा आहे, पण तो भूक लागल्यावर सोडवायचा नसतो. उझबेक स्वयंपाक मांसाभोवती उभा आहे. गोमांस आणि मेंढीचे मांस सर्वत्र, आणि ताश्कंदकडच्या पुलावावर घोड्याच्या मांसाच्या चकत्याही असतात. ‘गोश्तसिझ’, रशियनमध्ये ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हटले की वाढणारी व्यक्ती मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच पुलाव पुढे ठेवण्याची शक्यता असते, आणि त्यात तिला काही वावगे वाटत नाही. मेंढीच्या शेपटीची चरबी, म्हणजे दुंबा, भोपळ्याच्या सामशातही, म्हणजे तिथल्या समोशासारख्या पदार्थातही, घालतात, आणि भाज्यांच्या सूपचे पाणी बहुधा हाडांचे असते. म्हणून ‘आम्ही मांस, मासे, चरबी आणि मांसाचे पाणी खात नाही; अंडी, दूध, दही चालते’ एवढे वाक्य उझबेक आणि रशियन दोन्ही भाषांत छापून जवळ ठेवावे आणि मागणी करण्यापूर्वी दाखवावे.

असे केले की ताटात काय येते ते ऐका. बुखाऱ्यातील गेस्ट हाउसची न्याहारी हा शाकाहारी माणसासाठी दिवसातील सर्वांत भरवशाचा आहार आहे. अंगणात मांडलेल्या टेबलावर मधोमध ठसा उमटवलेली गोल नान, शेजारी कायमाक म्हणजे दाट साय, जर्दाळूचा मुरंबा, उकडलेली अंडी, काकडी-टोमॅटो, द्राक्षे, अक्रोड, आणि पुनःपुन्हा भरून दिला जाणारा हिरवा चहा. दुपारसाठी आचिचुक, म्हणजे कागदासारख्या पातळ चिरलेल्या टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, त्याबरोबर ताजी नान आणि सुझमा, जो जवळपास आपला चक्काच. समरकंदला बीबी खानिम मशिदीशेजारच्या सियाब बाजारात सुकामेवा, डाळिंबे आणि शरद ऋतूतील खरबुजे मनसोक्त मिळतात. समरकंद आणि बुखाऱ्याच्या वैद्यकीय संस्थांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात, त्यामुळे भारतीय जेवणाची सोयही होते. ताश्कंदमध्ये ती अधिक आहे. खिव्यात मात्र पर्याय कमी, आणि बुखाऱ्याकडे जाताना वाळवंटातील वाटेवर तर जवळजवळ नाहीतच, म्हणून थालीपिठाची भाजणी नव्हे तर गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्यांचे पाकीट, मेतकूट आणि चटणी एवढे सामानात असू द्यावे. कांदा-लसूणही न खाणारे कुटुंब असते, तर मी त्यांना स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या सहल कंपनीचाच सल्ला दिला असता.

काय पाहावे याच्या याद्या सर्वत्र आहेत, म्हणून मी पाहण्याच्या रीतीबद्दल सांगतो. खिव्याच्या तटबंदीतील जुने शहर इचान काला, ज्याला 1990 मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, संध्याकाळी आणि पहाटे पाहण्याचे ठिकाण आहे. म्हणून मुक्काम तटाच्या आतच करावा. इस्लाम खोजा मिनाराचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, वडिलांनी तो टाळावा. बुखाऱ्याचे जुने शहर सपाट आहे आणि तिथे त्यांना सर्वांत आराम मिळेल. 1127 मध्ये उभा राहिलेला कल्याण मिनार सगळेच पाहतात. दहाव्या शतकातील सामानी घराण्याच्या समाधीपाशी मात्र लोक पाच मिनिटे थांबून निघून जातात. तिथे सकाळी जाऊन ऊन चढेपर्यंत बसावे. साध्या भाजक्या विटा आडव्या, उभ्या, तिरप्या रचून केलेली ती भिंत, सावली सरकेल तशी वेगळी नक्षी दाखवत राहते, आणि रंगाचा एकही थेंब न वापरता हे साधले आहे हे पाहिल्यावर समरकंदच्या निळ्या फरशांकडेही अधिक जाणतेपणाने पाहता येते. याच शहरात मुलतान आणि शिकारपूरकडचे हिंदू सावकार-व्यापारी पिढ्यानपिढ्या सरायांमध्ये राहून व्यवहार करत होते, हे भारतीय प्रवाशाने बाजाराच्या घुमटांखालून जाताना ध्यानात ठेवावे.

समरकंदला अर्ध्या दिवसासाठी इंग्रजी बोलणारा परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा. स्वतंत्र प्रवास म्हणजे जाणकाराला टाळणे नव्हे. रेगिस्तान या चौकातील तीन मदरशांपैकी तैमूरचा नातू आणि खगोलज्ञ राजा उलुग बेग याचा मदरसा 1417 ते 1420 मधला, उरलेले दोन त्यानंतर दोनशे वर्षांनी उभे राहिले, आणि हा फरक दाखवणारा माणूस शेजारी असला की दगड-विटांना अर्थ येतो. बीबी खानिम मशिदीचे काम तैमूरने 1398 च्या दिल्लीवरील स्वारीनंतर सुरू केले, आणि तिथून आणलेल्या हत्तींकडून दगड वाहून घेतल्याचे तत्कालीन इतिहासकारांनी नोंदवले आहे. उलुग बेगच्या वेधशाळेचा जमिनीखालचा कमानदार भागच आज उरला आहे, पण जयपूर किंवा उज्जैनचे जंतरमंतर पाहिलेल्यांनी तिथे जायलाच हवे, कारण सवाई जयसिंहाने आपली ग्रहताऱ्यांची कोष्टके तयार करताना याच उलुग बेगच्या कोष्टकांचा आधार घेतला होता. शाह-इ-झिंदाच्या समाध्यांकडे चढताना पायऱ्या उंच आहेत. तिथे कठड्याला धरून सावकाश चढावे.

ताश्कंदचा शेवटचा दिवस केवळ खरेदीत घालवू नका. 26 एप्रिल 1966 च्या भूकंपात जुने शहर मोठ्या प्रमाणात पडले आणि नंतर नव्याने बांधले गेले. 1977 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोची स्थानके तिथे कलादालनासारखी सजवलेली आहेत आणि 2018 पासून त्यांची छायाचित्रेही घेता येतात. कोस्मोनावतलार आणि अलिशेर नवाई ही दोन स्थानके उतरून पाहावीत. शहरात लालबहादूर शास्त्रींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. 10 जानेवारी 1966 रोजी ताश्कंद करारावर सही झाली आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, शास्त्रीजींचे तिथे निधन झाले. करारासाठी गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. तुमच्या वडिलांच्या पिढीला ते दिवस आठवत असतील, म्हणून त्या ठिकाणासाठी सकाळचा तासभर राखून ठेवा, चोर्सू बाजार दुपारी करा, आणि विमान रात्रीचे असेल तर गेस्ट हाउसची खोली संध्याकाळपर्यंत आपल्याकडे राहील असे नोंदणी करतानाच लिहून घ्या.